मोटारींची जत्रा

आमच्या जव्हारला आगगाडी कधी आली नाही. पश्चिमेकडून पालघर-डहाणूचे रूळ गेले, पूर्वेकडून इगतपुरी-नाशिकचे गेले, आणि मध्ये डोंगरावर बसलेले आमचे गाव होते तसेच राहिले. त्यामुळे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला बाहेरचे जग भेटले ते मोटारीतून. १९४८ साली मुकणे घराण्याचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढे यथावकाश ती आमच्याही घाटांतून चढू लागली. लग्नाचे वऱ्हाड, बाळंतीण, शाळेची पुस्तके, बाजाराचे गाठोडे, सगळे मोटारीने आले आणि मोटारीनेच गेले. मोटारीची अपूर्वाई शहरातल्या माणसाला कदाचित नसेल. आम्हाला ती आहे.

म्हणूनच २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यातली बातमी माझ्या मनाला लागली. जिनीव्हाचे मोटार-प्रदर्शन कायमचे बंद झाले, अशी ती बातमी होती. घरातली मंडळी हसली. "तुम्ही कुठे जिनीव्हा पाहिले आहे?" असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे. पण जिनीव्हाचा आणि आमचा संबंध नाही, हे मात्र खरे नाही. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मोटारींची प्रदर्शने मोटारीइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. १८९७ साली बर्लिनच्या ब्रिस्टॉल हॉटेलात आठ मोटारी मांडल्या गेल्या, तेव्हा लोकांनी ती एक मोठी नवलाई म्हणून पाहिली. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये ट्यूलरीच्या बागेत मोठे प्रदर्शन भरले. त्याचा एक नियम मला फार आवडतो. ज्या गाडीला तिथे जागा हवी असेल, तिने आधी पॅरिसहून व्हर्सायला स्वतःच्या बळावर जाऊन परत यायचे. ढकलत आणलेल्या, घोड्याने ओढलेल्या गाडीला मांडवात प्रवेश नाही. आधी चालून दाखवा, मग मिरवा! ज्या काळी निम्म्या मोटारी वाटेतच बसकण मारीत, त्या काळी हा नियम किती शहाणपणाचा होता हे सांगायला नको.

जिनीव्हाची परंपरा १९०५ सालापासूनची. स्वित्झर्लंडचा स्वतःचा मोठा मोटारधंदा नाही, आणि हेच त्या प्रदर्शनाचे बळ होते. पॅरिसला फ्रेंचांचे पारडे जड, फ्रँकफर्टला जर्मनांचे. जिनीव्हात मात्र यजमान कोणाचाच सगा नव्हता. सगळे पाहुणे एका पंगतीला बसत.

या पंगतीत १९५३ साली इटलीच्या फियाट कंपनीने आपली नवी ११०० मोटार वाढून ठेवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी लवकरच तयार होऊ लागली. तिच्याच कुळातल्या पुढल्या पिढीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरणच होऊन बसले. आमच्याकडचा माणूस मुंबईत नोकरीला किंवा इस्पितळात गेला, की बोरीबंदर नाहीतर दादरला उतरून तो जिच्यात बसला, ती गाडी म्हणजे जिनीव्हाच्या मांडवातल्या पाहुणीची नात. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात तिने मुंबईचा निरोप घेतला. त्यानंतर सात महिन्यांत तिच्या आजीचा मांडवही उठला. आता सांगा, बातमी मनाला लागणार नाही तर काय होईल?

येथे एक शंका निघेल. प्रदर्शने भरली युरोपात. आमच्या लोकांना ती पाहायला मिळाली कुठे? ही शंका योग्य आहे. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये युद्धानंतरचे पहिले प्रदर्शन भरले. त्यात मॉरिस मायनर आणि मॉरिस ऑक्सफर्ड या गाड्या होत्या. पुढे आपल्याकडे त्याच 'बेबी हिंदुस्थान' आणि 'हिंदुस्थान फोर्टीन' म्हणून रस्त्यावर आल्या. गंमत अशी, की त्या प्रदर्शनाला पाच लाखांवर इंग्रज माणसे आली, आणि त्यांतल्या बहुतेकांना गाडी विकत मिळण्याची आशा नव्हती. देशाला परकी चलन हवे म्हणून गाड्या बाहेर धाडल्या जात होत्या; घरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. तरी लोक रांगा लावून आले, बघून गेले. घेणे आणि बघणे या दोन वेगळ्या भुका आहेत, हे त्या गर्दीने दाखवून दिले.

आपल्याकडे रांग होती ती प्रदर्शनाची नव्हे, नंबर लावण्याची. फियाट किंवा ॲम्बॅसिडर यांपैकी एकीसाठी पैसे भरायचे आणि मुलगा शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत वाट पाहायची. जिथे निवडच नाही, तिथे प्रदर्शन कशाचे भरवणार? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, थोडा वारा खेळू लागला, आणि १९८६ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रगती मैदानावर पहिले 'ऑटो एक्स्पो' भरले. दुसरे भरायला १९९३ साल उजाडले, म्हणजे १९९१ चे आर्थिक बदल होऊन गेल्यानंतर. १९९८ साली याच मैदानावर टाटांची इंडिका लोकांनी पाहिली. ती तर आपल्या पुण्याची लेक.

आणि मग आले २००८ साल. त्याची सुरुवात पुन्हा जिनीव्हातच झाली होती. २००३ च्या जिनीव्हा प्रदर्शनात पत्रकारांशी बोलताना रतन टाटांकडून लाख रुपयांच्या मोटारीचा आकडा पुढे आला, आणि तो जगभर छापला गेला. पाच वर्षे पोलाद महागले, हितचिंतकांनी हात झटकले, पण १० जानेवारी २००८ रोजी प्रगती मैदानावर नॅनो उभी राहिली आणि टाटा म्हणाले, वचन ते वचन. एका मांडवात शब्द दिला, दुसऱ्या मांडवात तो पाळला. दोन्ही वेळा साक्षीला जग होते. बंद खोलीत दिलेला शब्द विसरता येतो. जत्रेत दिलेला विसरता येत नाही.

त्या प्रदर्शनाला मी गेलो होतो. दिल्लीला नातलगांकडे जाणे होतेच. माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. जव्हार-मोखाडा-खोडाळा रस्त्यावर तो सवारीची जीप चालवी. "गुरुजी, मला पण न्या," एवढेच तो म्हणाला, आणि भाड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. नॅनोभोवती इतकी गर्दी, की आम्हाला तिचे छप्पर आणि एका बाजूचा आरसा एवढेच दिसले. त्याला त्याचे दुःख झाले नाही. तो सरळ प्रवासी जीपगाड्यांच्या दालनात शिरला. एका गाडीपाशी गुडघे टेकून बसला आणि जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत वीत लावून पाहिली. मग शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीला तशीच वीत लावली. मग तिसरीला. कोट घातलेला एक विक्रेता धावत आला. याने त्याला शांतपणे विचारले, "साहेब, पावसाळ्यात तोरंगणच्या घाटात दगड वाहून येतात. हिचा तळ लागेल का?" विक्रेत्याला तोरंगण घाट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याने कागद काढला, तळाची उंची वाचून दाखवली, आणि माझ्या विद्यार्थ्याने ती आपल्या वितीशी ताडून पाहिली. बारा माणसे भरल्यावर स्प्रिंग किती दबेल, टायर किती किलोमीटर टिकेल, सुटा भाग नाशिकला मिळेल की मुंबईला जावे लागेल, असे प्रश्न त्याने दिवसभरात तीन कंपन्यांना विचारले. परत येताना तो म्हणाला, "गुरुजी, दुकानात गेलो असतो तर एकाच गाडीची आरती ऐकावी लागली असती."

मोटार-प्रदर्शनाचे महत्त्व यापेक्षा नेमक्या शब्दांत मी कुठे वाचलेले नाही.

मग ही प्रदर्शने उतरणीला का लागली? पहिले कारण खर्चाचे. आठ-दहा दिवसांच्या मांडवासाठी कंपन्यांना कोट्यवधी रुपये ओतावे लागत. दुसरे कारण अहंकाराचे, आणि तेही समजण्याजोगे आहे. चाळीस गाड्यांत आपली एक ठेवण्यापेक्षा आपल्या एकटीवर सगळे दिवे पाडावेत, असे प्रत्येकाला वाटू लागले. महिंद्रांनी नवी थार दाखवली ती १५ ऑगस्ट २०२० रोजी, स्वतःच्याच कार्यक्रमात. २०२३ च्या ऑटो एक्स्पोला महिंद्र आले नाहीत, फोक्सवॅगन आली नाही, होंडाच्या मोटारी आल्या नाहीत. तिसरे कारण तुमच्या-आमच्या खिशातला फोन: गाडीचे चित्र, आवाज, किंमत, सगळे घरबसल्या. त्यात करोना आला. २०२० चे जिनीव्हा प्रदर्शन उघडायला थोडेच दिवस उरले असताना रद्द झाले. २०२४ साली ते पुन्हा भरले, पण मोजक्याच कारखान्यांनी हजेरी लावली. २०१९ साली जिथे सुमारे सहा लाख माणसे आली होती, तिथे पावणेदोन लाखांच्या आतच आली. मग चालकांनी दिवा मालवला. फ्रँकफर्टचे प्रदर्शन २०१९ नंतर म्युनिकला गेले. टोकियोने २०२३ साली आपले जुने नावच बदलले. लंडन-बर्मिंगहॅमची मोठी इंग्रज परंपरा तर २००८ नंतरच थांबली होती. उलट बीजिंग आणि शांघायच्या मांडवांत आज उभे राहायला जागा नाही. जत्रा मोडलेली नाही, गाव बदलले आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रदर्शनाच्या झगमगाटात सगळेच दिसते असे नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. पाचांनाही मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही, आणि त्यांत नॅनोही होती. ज्या गाडीसाठी आम्ही गर्दीत टाचा उंचावल्या, तिची ही कमतरता मांडवातला कोणताही दिवा दाखवू शकला नसता. वचन पाळणारी गाडी बाजारात मात्र टिकली नाही. २०१८ साली तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून आपल्या देशाची स्वतःची अशी चाचणी, भारत एनकॅप, सुरू झाली आहे, आणि तिचे निकाल फोनवर कोणालाही वाचता येतात. ही सोय प्रदर्शनाने कधी दिली नव्हती. तेव्हा जुने तेवढे सोने असे मी म्हणणार नाही.

पण फोनवर जो बघतो, त्याला बहुतेक वेळा घेणारा समजूनच दाखवले जाते. एकदा एका गाडीवर बोट ठेवा, आठवडाभर तीच गाडी पाठलाग करते. ज्याची ऐपत नाही, त्याला तिथे खिजगणतीत धरलेले नसते. प्रदर्शनात मात्र तिकीट काढले, की जीपवाला आणि कारखानदार एकाच गाडीच्या पुढे उभे राहतात, आणि जीपवाल्याच्या प्रश्नाला कोट घातलेल्याला उत्तर द्यावे लागते.

आमच्या भागात बोहाडा होतो. गणपती, सरस्वतीपासून राक्षसांपर्यंत एकेक सोंग मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचत येते, आणि शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. ज्या त्या सोंगाचा मान ज्या त्या घराण्याकडे. मोखाड्याच्या बोहाड्याला पाड्यापाड्यांवरून माणसे चालत येतात. तिथे कोणी काही विकत घ्यायला आलेले नसते. पण सोंग हलके निघाले, पाऊल चुकले, तर गाव बोलते. म्हणून सोंग घेणारा जिवापाड नाचतो. फोनवर बोहाड्याच्या चित्रफिती आता हव्या तितक्या आहेत, तरी माणसे येतातच. बघणाऱ्या डोळ्यांचा धाक आणि प्रेम, दोन्ही समोरासमोरच लागू पडतात.

तेव्हा मोटार-प्रदर्शनांना आज अर्थ उरला आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे. जिथे ते नुसते जाहिरातीचे नाटक झाले असेल, तिथे पडदा पडला तर रडू नये. पण जिथे प्रतिस्पर्धी शेजारीशेजारी उभे राहतात आणि न घेणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतो, तिथे ते टिकले पाहिजे. म्युनिककरांनी गाड्यांचे काही मांडव शहराच्या चौकांत, विनामूल्य उघडे ठेवले, हे मला शहाणपणाचे वाटते. दिल्लीत २०२५ च्या जानेवारीत ऑटो एक्स्पो पुन्हा प्रगती मैदानावर, नव्या भारत मंडपमच्या आवारात आले, याचाही आनंद आहे. पण दिल्ली लांब आहे. आता विजेच्या गाड्या आल्या आहेत, आणि भरल्या सवारीनिशी, भर पावसात, घाट चढताना त्यांची शक्ती किती उरते हे आम्हाला पाहायचे आहे. पॅरिसकरांचा १८९८ चा नियम पुन्हा काढावा आणि चार कंपन्यांनी आपापली गाडी त्र्यंबकहून तोरंगणच्या घाटाने जव्हारपर्यंत आणावी. मांडव आम्ही घालू.

माझ्या विद्यार्थ्याची जीप आता त्याचा मुलगा चालवतो. या वाघबारसेला दोघे फराळाला आले होते. मुलाने फोनवर एक नवी गाडी दाखवली. रंग सुरेख होता, बोटाने फिरवली की ती सगळ्या बाजूंनी फिरे. बापाने फोन हातात घेतला, लांब धरून बराच वेळ पाहिला, आणि परत देत म्हणाला, "चांगली आहे. पण कुठे उभी असेल तर सांग. मी जाऊन बघून येतो."