वस्तोक : उगवतीचा शब्द

रशियन भाषेत पूर्व दिशेला ‘वस्तोक’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत रुळलेले ‘व्होस्टॉक’ हे त्याचे रूप इंग्रजीच्या वाटेने आलेले असून मूळ उच्चारापासून बरेच दूर आहे. शब्दातील पहिला घटक ‘वर’ या अर्थाचा उपसर्ग असून दुसरा वाहणे, धावणे या अर्थाच्या जुन्या स्लाव्ह धातूपासून आला आहे. म्हणजे जिकडून सूर्य वर येतो ती बाजू, मराठीतील ‘उगवत’. १८६० मध्ये वसवलेल्या व्लादिवस्तोक बंदराच्या नावात हा शब्द सत्ता गाजवण्याच्या अर्थाशी जोडला गेला आणि राज्यविस्ताराची हाव उघडपणे नकाशावर आली.

या शब्दाचा खरा प्रवास मात्र दक्षिणेकडे झाला. रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन यांच्या ‘वस्तोक’ या शिडाच्या जहाजावरून जानेवारी १८२० मध्ये अंटार्क्टिकाच्या हिमकड्याचे दर्शन घडले, म्हणून सोव्हिएत संशोधकांनी १९५७ मध्ये त्या खंडाच्या अंतर्भागात, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, उभारलेल्या तळाला त्याच जहाजाचे नाव दिले. तेथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

युरी गागारिन यांना १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात नेणारे यानही ‘वस्तोक’च, आणि पृथ्वीच्या परिवलनाचा वेग कामी यावा म्हणून अग्निबाण बहुधा पूर्वेच्याच रोखाने सोडतात, हे पाहता ते नाव नेमके म्हणावे लागेल. परतताना गागारिन यानाबाहेर पडून हवाई छत्रीने स्वतंत्रपणे उतरले. ही गोष्ट सोव्हिएत सरकारने कित्येक वर्षे दडवून ठेवली होती.