सतरा ज्वेलची जनता

मुंबईत १९५५ पर्यंत नवे घड्याळ घेणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागे: ते लावायचे कोणत्या वेळेवर? भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्येच लागू झाली होती, पण शहराने आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नव्हता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले. आगगाडी एका वेळेने सुटायची आणि महापालिकेचा कारभार दुसऱ्या वेळेने चालायचा.

गिरणगावाला या भानगडीशी फारसे देणेघेणे नव्हते. तिथे गिरणीचा भोंगा होता. पाळी कधी सुरू होते आणि कधी सुटते, हे परळ-लालबागच्या चाळींना घरबसल्या कळे. मनगटी घड्याळ लागे ते ज्याच्यासाठी कुणी भोंगा वाजवत नव्हते त्याला, म्हणजे कारकून, शाळामास्तर, वकील, डॉक्टर किंवा गाडीचा गार्ड यांना. पलटणीतला शिपाईही त्यातच. मुंबई आणि कलकत्त्यात १८८६ पासून व्यवसाय करणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीची ‘सोवार प्रिमा’ घड्याळे ब्रिटिश हिंदी फौजेत चांगली रुळली होती. फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्यानेही एकोणिसाव्या शतकातच मुंबईत बस्तान बसवले होते. रोमर, सायमा, हेन्री सँडोझ ही नावेही तेव्हाच्या मध्यमवर्गाला पाठ होती. घड्याळ म्हणजे स्विस, यात कुणाला शंका नव्हती. प्रश्न एवढाच असे की कुठले स्विस परवडते.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हे परवडणेही अवघड झाले. परकीय चलनाची गंगाजळी आटली, सरकारने आयातीवर कडक निर्बंध घातले आणि घड्याळ चैनीच्या वस्तूंत जमा झाले. मागणी मात्र वाढतच होती, कारण शाळा, कचेऱ्या, बँका आणि कारखाने वाढत होते. मग व्हायचे तेच झाले. सोन्याच्या बिस्किटांबरोबर घड्याळेही चोरवाटेने किनाऱ्याला लागू लागली. ती छोटी, हलकी आणि महाग असल्याने तस्करीला याहून सोयीचा माल क्वचितच मिळाला असता. असे घड्याळ स्वस्तात पडे, पण त्याला पावती नसे, हमी नसे आणि बिघडले तर सुटा भाग मिळेलच असेही नसे. घड्याळाची खरी किंमत दुकानात मोजलेल्या पैशांवर संपत नाही, हे त्या पिढीला चांगले ठाऊक होते.

याच सुमारास सरकारने स्वतःच घड्याळे बनवायचे ठरवले. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, ही १९५३ मध्ये स्थापन झालेली कंपनी मुळात लेथ आणि मिलिंगची यंत्रे बनवणारी. १९६१ मध्ये तिने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार केला आणि बंगळुरूत घड्याळांचा कारखाना उभा राहिला. १९६३ मध्ये त्यातली पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाजारात आली. करार स्वित्झर्लंडशी न होता जपानशी झाला, याकडे आज फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण पुढच्या पंचवीस वर्षांत भारतीय माणसाच्या मनगटावर काय असेल, ते त्या सहीने ठरवून टाकले.

एचएमटीच्या घड्याळाचे ‘जनता’ हे नाव त्या काळाला शोभणारेच होते. छोटी गोल स्टीलची केस, साधी पांढरी डायल, रोज चावी द्यायची, तारीख-वार काही नाही. काही डायलवर ‘जनता’ हे नाव आणि एक ते बारा आकडे देवनागरीत छापलेले असत. ‘पायलट’ची डायल काळी. याशिवाय सोना, कोहिनूर, जवान, कांचन होती. बायकांसाठी सुजाता आणि नूतन होती. अंधांसाठी काच उघडून काटे बोटाने चाचपता येतील असे ब्रेल घड्याळही एचएमटीने काढले. बंगळुरूचा कारखाना अपुरा पडला म्हणून श्रीनगर, तुमकूर आणि नैनिताल जिल्ह्यातल्या राणीबागलाही कारखाने निघाले. तरीही कित्येक वर्षे घड्याळ हवे तेव्हा हातात पडत नसे. ओळख काढावी लागे, वाट पाहावी लागे. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, पहिल्या पगाराला, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला एचएमटी दिले जाई. लग्नात जावयाच्या मागण्यांत सायकल आणि रेडिओच्या जोडीला घड्याळ असे, आणि ते कुठले हवे हेही नाव घेऊन सांगितले जाई. ही शेवटची आठवण गोड मानून सांगण्यासारखी नाही.

जनता आणि पायलटच्या पोटात बहुतेक वेळा एकच मशीन असे. दुरुस्ती करणारे संपूर्ण यंत्रणेला मशीनच म्हणतात. या मशीनचा क्रमांक ०२३१. ते सिटिझनच्या आराखड्यावर बेतलेले, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ असे अभिमानाने छापलेले असे. ही रत्ने म्हणजे कृत्रिम माणके. जिथे चाकाची अणकुचीदार धुरी सतत फिरते, तिथे धातूवर धातू घासून झीज होऊ नये म्हणून ती बसवतात. साध्या चावीच्या घड्याळात झिजणाऱ्या सगळ्या जागा धरल्या तर हिशेब सतरापाशी येतो. त्याहून जास्त ज्वेल्स सांगणारी जाहिरात बऱ्याचदा नुसती शोभा असे. ‘पॅराशॉक’ हा शब्दही डायलवर दिसे. घड्याळ हातातून पडले तर बॅलन्स व्हीलची नाजूक धुरी मोडू नये म्हणून तिच्या टोकाचा खडा स्प्रिंगवर तोललेला असे, त्याचे हे नाव. लोकलच्या गर्दीत दांड्याला मनगट आपटणाऱ्याला ही सोय सतरा रत्नांपेक्षा जास्त उपयोगाची होती.

आज जुन्या एचएमटीचे कौतुक करणारे तिच्या मजबुतीचे गोडवे गातात. ते अर्धेच खरे आहे. चावीचे घड्याळ रोज काही सेकंद पुढे-मागे होई, क्वचित मिनिटभरही. दर तीन-चार वर्षांनी ते खोलून, धुऊन, तेल देऊन घ्यावे लागे. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरे. चावी जास्त दिली तर स्प्रिंग तुटेल, अशी घरोघरी धास्ती असे आणि त्यापायी मुलांना घड्याळाला हात लावू दिला जात नसे. तरीही रोजच्या वापराला हे घड्याळ फायद्याचे ठरले. त्याचे श्रेय जेवढे मशीनला, तेवढेच तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या जिन्याखाली काचेच्या छोट्या पेटीमागे बसणाऱ्या घड्याळजीला. डोळ्यात भिंग, हातात चिमटा आणि पेटीत ०२३१ चे सुटे भाग. लाखो घड्याळांत तेच मशीन, म्हणून भाग स्वस्त. भाग स्वस्त आणि सगळीकडे, म्हणून कारागीर एकच मशीन हजार वेळा उघडून त्यात तरबेज. बंद पडलेल्या एका जनताच्या चाकांवर दुसरी चार जनता चालू होत. एरवी उत्तम असलेल्या स्विस घड्याळाला ही सोय नव्हती. त्याचा एखादा दात तुटला तर मालकाला मुंबई गाठावी लागे.

या हिशेबाला सुरुंग लावला तो क्वार्ट्‌झने. सेइकोचे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आले, तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन होती. त्या पैशांत जपानमध्ये छोटी मोटारगाडी येई. पण क्वार्ट्‌झच्या स्फटिकाला सेलमधून वीज दिली की तो अत्यंत नियमित थरथरतो, आणि ही थरथर मोजून काटा हलवायला चाकांचा तेवढा पसारा लागत नाही. आजच्या साध्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्या आकड्याचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. भाग कमी, जोडणी यंत्राने, म्हणून किंमत कोसळत गेली. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास घड्याळधंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३०,००० च्या आसपास आली. १९८३ मध्ये स्विसांनी अवघ्या ५१ भागांचे प्लास्टिकचे स्वॉच काढून कसाबसा डाव सावरला.

भारतात एचएमटीने क्वार्ट्‌झ घड्याळे काढली, हैदराबादच्या ऑल्विननेही सेइकोच्या मदतीने घड्याळे बनवली. पण एचएमटीचा जीव चावीच्या घड्याळातच राहिला. ज्याच्यासाठी रांग लागते ते बनवणे कोण सोडणार? हा निर्णय त्या घडीला मूर्खपणाचा नव्हता, आणि म्हणूनच तो महागात पडला.

१९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन ही कंपनी काढली. कारखाना बंगळुरूजवळ, पण तमिळनाडूच्या हद्दीत, होसूरला. मुंबईच्या टाटा प्रेसमधून आलेले झर्क्सिस देसाई तिचे प्रमुख. त्यांनी क्वार्ट्‌झवर भर दिला आणि दुकानाचे रूप बदलले. तोवर घड्याळाचे दुकान म्हणजे काउंटरखालच्या धुळकट ट्रेमधून मालकाने काढून दाखवलेली चार घड्याळे. टायटनने उजेड असलेली दालने उघडली, वर्तमानपत्रांत घड्याळांचे पानभर फोटो छापले आणि मोत्झार्टच्या पंचविसाव्या सिंफनीची धून घराघरांतल्या टीव्हीवर नेली. ग्राहकाला प्रथमच डिझाइन निवडायला मिळाले. एक आयुष्यभर पुरवायचे, ही रीत सुटून एक कचेरीला आणि एक लग्नकार्याला, अशी घड्याळे घेतली जाऊ लागली.

तरी रोजच्या वापराचा खालचा बाजार काही वर्षे मोकळाच होता. तिथे एकीकडे कॅसिओची प्लास्टिकची डिजिटल घड्याळे आली. १९८९ च्या एफ-९१डब्ल्यू मॉडेलचा सेल सात वर्षे चालतो असे कंपनी सांगते, आणि ते मॉडेल अजून बनते. दुसरीकडे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मिळणारा बिननावाचा माल. टायटनने आधी अमेरिकेच्या टायमेक्सशी हातमिळवणी करून आणि नव्वदीच्या अखेरीस स्वतःचे ‘सोनाटा’ काढून हा बाजार काबीज केला. सोनाटात चावीची कटकट नाही आणि महिन्याला पाच-पंधरा सेकंदांपलीकडे चूक नाही. वेळ दाखवणे हाच निकष धरला तर साधे सोनाटा कुठल्याही जनताला सहज मागे टाकते, हे एचएमटीच्या चाहत्यांनी कबूल करायला हवे.

घड्याळजीच्या पेटीला मात्र हे मानवले नाही. क्वार्ट्‌झ मशीन बिघडले की दुरुस्तीपेक्षा अख्खे मशीन बदलणे स्वस्त. मग उरले सेल घालणे, पट्टा बदलणे आणि पट्ट्याची कडी काढून तो मनगटाला बसवणे. पुढे मोबाइलवर वेळ दिसू लागली आणि तेही कमी झाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. तुमकूरच्या कारखान्याची जमीन इस्रोकडे गेली.

बंद होण्याच्या बातमीबरोबर जुन्या जनता आणि पायलटचे भाव चढले. कपाटात पडलेली घड्याळे बाहेर आली आणि त्यांच्यामागून एक जुना मुंबईकर धंदा तेजीत आला. देशोदेशीचे संग्राहक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुने, चालू मशीन घ्यायचे, डायल घासून नव्या रंगाने छापायची, केसला पॉलिश मारायचे, काटे मिळतील ते लावायचे आणि घड्याळ ‘जुने, अस्सल’ म्हणून विकायचे. फाव्र-ल्यूबा, रोमर, वेस्ट एंड यांचीही अशी रंगवलेली घड्याळे निघतात, पण एचएमटीची सर्वांत सोपी. जनता आणि पायलटचे मशीन एकच असल्याने जनताच्या पोटावर काळी डायल बसवली की पायलट तयार होते. ज्या अदलाबदलीने ही घड्याळे गावोगाव जगवली, तिच्यावरच हा धंदा चालतो.

त्यामुळे आज रोज घालायला जुनी एचएमटी शोधणाऱ्याने मशीनपेक्षा डायल नीट पाहावी. अक्षरे जाड आणि पसरट आहेत का, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळतात का, सहा आकड्याखालची बारीक छपाई गायब तर नाही, आणि नारिंगी किंवा पोपटी रंगात कंपनीने हे मॉडेल कधी काढले होते का. दोन मिनिटे कानाशी धरून ठोके एकसारखे पडतात का तेही ऐकावे, आणि धुण्या-तेलाचा खर्च किमतीत आधीच धरावा. विक्रेता बहुधा मागचे झाकण उघडून मशीनवर कोरलेला ०२३१ हा आकडा दाखवील. तो आकडा जनताच्या पोटातही असतो.