इफ्री : चंद्रपूर-गडचिरोलीतील वनसंस्थांचा अभ्यास

जंगल आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्था यांचा तौलनिक अभ्यास करणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम. ‘इंटरनॅशनल फॉरेस्ट्री रिसोर्सेस अँड इन्स्टिट्यूशन्स’ या नावाचे हे लघुरूप. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९९२ मध्ये तो सुरू केला. पुढे तो मिशिगन विद्यापीठाकडे गेला. नागपूरची ‘शोध’ ही त्याची भारतातील सहयोगी संस्था. तेथील अर्थशास्त्रज्ञ रुचा घाटे यांच्या कामामुळे या दोन जिल्ह्यांतील गावे जगभरच्या तुलनेत आली.

पद्धती : सर्व देशांत प्रश्नपत्रके एकच. जंगल कोणाचे, सरपण-बांबू-मोह कोण किती नेतो, राखण कोण करतो, नियम मोडल्यास दंड कोण ठरवतो, हे गावात बसून विचारायचे. त्याच जंगलात यादृच्छिक जागी एकात एक तीन वर्तुळे आखायची : १ मीटर त्रिज्येत जमिनीलगतची वनस्पती, ३ मीटरमध्ये रोपटी व झुडपे, १० मीटरमध्ये मोठी झाडे मोजायची, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. काही वर्षांनी पुन्हा तेथेच जायचे. गावाचे नियम आणि झाडांचे घेर एकाच चमूने नोंदवावेत, हेच या पद्धतीचे वेगळेपण. एरवी वनखाते झाडे मोजते आणि समाजशास्त्रज्ञ माणसांशी बोलतात. दोन्ही वह्या क्वचितच शेजारी ठेवल्या जातात.

निष्कर्ष : घाटे व परिस्थितिकीतज्ज्ञ हरिणी नागेंद्र यांनी २००५ मध्ये वनव्यवस्थापनाच्या तीन प्रकारांची तुलना प्रसिद्ध केली : गावाने आपणहून उभी केलेली व्यवस्था, स्वयंसेवी संस्थेच्या प्रेरणेने आलेली आणि शासनाच्या संयुक्त वनव्यवस्थापन योजनेतली. राखणीचा नियम गावाने स्वतः केला असेल तेथे देखरेख अधिक नेटकी आढळली. गावे मोजकीच असल्याने यावरून सरसकट अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पावरील अभ्यासात (२००६) उपग्रहचित्रांची जोड होती. आतल्या सहा गावांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष सीमेबाहेरच्या गावांकडून येणाऱ्या दाबाकडे द्यावे लागते, असा त्याचा रोख आहे. आतल्या काही गावांचे पुढे पुनर्वसन झाले. त्याविषयी मतभेद आहेत. ऑस्ट्रम व नागेंद्र यांच्या २००६ मधील संयुक्त लेखातही ताडोबाचा दाखला आहे. ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

संबंधित अभ्यास : धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावावर ‘कल्पवृक्ष’ आणि लंडनची ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एन्व्हायर्नमेंट अँड डेव्हलपमेंट’ यांनी २००१ मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली. गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्यास मात्र एप्रिल २०११ उजाडला. हक्काचा कागद आणि बांबू विकण्याची मुभा यांतले हे अंतर अभ्यासकांनी अजून पुरेसे मोजलेले नाही.

वन्यप्राणी : त्यांची गणना या कार्यक्रमात होत नाही.