रबरी नळीतून जेवणारी बाई: अन्ननलिकेच्या जोडाची गोष्ट

एक घोट पाणी प्या आणि मग ऐका. तो घोट ज्या नळीतून खाली गेला, ती साधारण २५ सेंटिमीटरची अन्ननलिका. कॅन्सर झाला म्हणून ती काढून टाकली, तर माणूस जेवणार कसा? आजचा भाग याच प्रश्नावर.

१४ मार्च १९१३, न्यूयॉर्क. फ्रान्झ टोरेक या सर्जननी ६७ वर्षांच्या एका बाईंची छातीतली अन्ननलिका काढली. पण पुढे काही जोडलंच नाही! मानेला एक भोक, पोटावर जठराला एक भोक, आणि जेवताना या दोन्हींच्या मध्ये शरीराबाहेरून एक रबरी नळी. घास चावायचा, गिळायचा, तो मानेतून बाहेर येऊन नळीतून जठरात जायचा. त्या बाई अशाच जेवत बारा-तेरा वर्षं जगल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मग कळलं, न जोडल्यामुळेच त्या वाचल्या असाव्यात. कारण जोड सुटला तर लाळ आणि त्यातले जंतू थेट छातीत, हृदयाच्या शेजारी. तेव्हा अँटिबायोटिक्सही नव्हती.

जोड इतका नाजूक का? आतड्यावर बाहेरून एक पातळ, चिवट आवरण असतं, ते टाके धरून ठेवतं. अन्ननलिकेला ते नाही. शिवाय अन्ननलिकेच्या जागी जठराची नळी करून वर ओढतात, तेव्हा त्याच्या बऱ्याचशा रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. मुख्य भिस्त उरते एका धमनीवर. म्हणजे जठराच्या ज्या टोकाला रक्त सगळ्यात कमी पोचतं, नेमका तिथेच जोड!

तरी लोक थांबले नाहीत. १९३३ मध्ये जपानच्या क्योटोतून ओसावांनी छातीतच जोड केल्याचं जाहीर केलं. १९३८ मध्ये शिकागोत अ‍ॅडम्स आणि फेमिस्टर यांना ते जमलं. १९४६ मध्ये आयव्हर लुईस या वेल्श सर्जननी आधी पोट, मग उजवी छाती उघडायची पद्धत मांडली. १९७६ मध्ये इंग्लंडच्या मॅककीओननी जोड थेट मानेत नेला. हिशोब सरळ होता: मानेत गळलं तर जखम उघडून साफ करता येते, छातीत गळलं तर जिवावर बेतू शकतं.

आता हात की मशीन? सर्जिकल स्टेपलर १९०८ चा, बुडापेस्टच्या ह्युल्ट्लचा. वजन साडेतीन किलोच्या वर आणि जुळवायलाच दोन तास! पुढे सोव्हिएत संघात तो सुधारला आणि १९७० च्या दशकाअखेरीस गोल स्टेपलर सगळीकडे पोचू लागला. एक दाब, की पिनांचं कडं तयार. वेळ वाचला. पण हाताच्या टाक्यांशी तुलना केली, तेव्हा गळतीत फारसा फरक दिसला नाही. उलट गोल स्टेपलरचा जोड पुढे जास्त वेळा अरुंद झाला. म्हणजे पोळीचा घास अडकतो आणि दुर्बीण घालून तो जोड पुन्हा पुन्हा रुंद करावा लागतो. २००० मध्ये मिशिगनच्या ऑरिंजरनी मानेतच सरळ स्टेपलर वापरून दोन नळ्या शेजारी-शेजारी जोडल्या. तोंड रुंद झालं आणि त्यांच्या रुग्णांमधली गळती दहा-पंधरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या आत आली.

आणि मानेतला जोड सुरक्षित, हा समज? २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीत, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर, पुन्हा उपचार करावे लागतील अशी गळती मानेतल्या जोडात सुमारे ३२ टक्के, छातीतल्या जोडात १२ टक्के निघाली. कारण मानेपर्यंत जायचं तर जठर अजून वर ओढावं लागतं, आणि टोकाला रक्त आणखी कमी पडतं. अर्थात गाठ वर असेल, तर मानेशिवाय पर्याय नसतो.

मला यातून एवढंच कळलं, की वाद हात की मशीन एवढाच नाही. जोडाला रक्त किती मिळतंय, हे आधी. घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा: जोड कुठे करणार, तिथेच का, आणि गळला तर काय करणार?

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, सावकाश जेवा!