बरंय, येतो!

कुठल्याही चर्चासत्राची कार्यक्रमपत्रिका बघा, शेवटी ‘व्हॅलेडिक्टरी फंक्शन’ असतंच. आपण त्याला समारोप म्हणतो आणि चहा झाला की हळूच सटकतो. अमेरिकेतल्या भाचरांमुळे ‘व्हॅलेडिक्टोरियन’ही आता आपल्या कानावरून गेलाय. पदवीदानाच्या वेळी निरोपाचं भाषण करणारा, बहुधा पहिला आलेला विद्यार्थी.

शब्द मूळचा लॅटिन. ‘दिकेरे’ म्हणजे म्हणणे. म्हणजे ‘वाले’ म्हणणे. (रिक्षावाले, दूधवाले यांचा इथे काही संबंध नाही!) ‘वालेरे’ म्हणजे अंगात ताकद असणे, धडधाकट असणे. व्हॅल्यू, व्हॅलिड ही त्याच घरातली मंडळी. त्याचं आज्ञार्थी रूप ‘वाले’, म्हणजे ‘बरा राहा’. रोमन माणूस निघताना हे म्हणायचा आणि पत्राच्या शेवटीही हेच लिहायचा. आपल्या ‘बरंय, येतो’मधलं ‘बरं’ आठवलं ना?

रोजच्या वापराने असे शब्द गुळगुळीत होतात. पण सिसेरोची पत्नीला लिहिलेली पत्रं वाचताना मी या शब्दापाशी दोनदा थबकले.

इ.स.पूर्व ५८ मध्ये त्याला रोम सोडून परागंदा व्हावं लागलं. इटली सोडण्यापूर्वी ब्रुंदिसियम बंदरातून तो तेरेन्तियाला लिहितो, की तुम्हाला लिहायला किंवा तुमचं वाचायला बसलो की रडू आवरत नाही, म्हणून कमी लिहितो. शेवटी बायको, लाडकी लेक आणि धाकटा मुलगा, तिघांना मिळून अनेकवचनी ‘वालेते’. तिथे तो शब्द नुसता रिवाज वाटत नाही.

नंतरचं पत्र इ.स.पूर्व ४७ च्या १ ऑक्टोबरचं. तिला लिहिलेलं हे शेवटचं उपलब्ध पत्र. तुस्कुलमच्या घरी येतोय, सोबत बहुधा माणसं असतील, सगळी तयारी ठेव, न्हाणीघरात टाकी नसेल तर बसवून घे. मग ‘वाले’. घरच्या कारभाऱ्यालाही माणूस याहून प्रेमाने लिहील. त्यानंतर थोड्याच काळात, तीसेक वर्षांच्या संसारानंतर, त्यांचा घटस्फोट झाला.

इ.स.पूर्व ४३ मध्ये सिसेरोला ठार मारण्यात आलं. तेरेन्तिया मात्र, थोरल्या प्लिनीने नोंदवलंय त्याप्रमाणे, १०३ वर्षं जगली.