टॅक म्हणजे काय रे भाऊ?

परवा कॉलवर साहेब म्हणाले, "लेट्स चेंज टॅक." मिनिट्स लिहिणाऱ्या पोराने इमानदारीत टाइप केलं, "चेंज टॅक्ट". कोणी सुधारलं नाही. आठ महिन्यांचा कोड एका वाक्यात केराच्या टोपलीत गेला, तिथे स्पेलिंगचं कोणाला पडलंय! पण हार्बरने घरी येताना हा टॅक डोक्यात अडकून बसला.

टॅक म्हणजे मुळात खिळा किंवा अडकवण, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द. जहाजावर शिडाचा वाऱ्याकडचा खालचा कोपरा जखडणाऱ्या दोराला टॅक म्हणू लागले. जहाज वळलं की दुसऱ्या बाजूचा दोर आवळायचा. होता होता दोराचं नाव मार्गालाच चिकटलं.

पण वळायचं कशाला? कारण शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. मग ४५ अंश डावीकडे, नंतर ४५ अंश उजवीकडे, असं नागमोडी जायचं. त्रिकोणमिती आठवा मंडळी: अंतर सुमारे १.४ पट. ६० अंशांनी गेलात तर चक्क दुप्पट!

आपल्या गलबतांचं शीड लांब तिरक्या काठीवर. बाजू बदलायची तर ती काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायची. म्हणून खलाशी बहुधा वाऱ्याकडे पाठ करून वळत. त्यात कमावलेलं थोडं अंतर हातचं जाई. लांबच्या सफरीला तर वाराच बदलेपर्यंत थांबत. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. त्यातूनच आपला मोसम आणि पोर्तुगीजांमार्गे इंग्रजांचा मान्सून. आपलं सुकाणूही अरबी 'सुक्कान'वरूनच आलं.

एव्हाना रे रोड आलं. हे नाव लॉर्ड रेचं, १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना (दारू म्हणजे बंदुकीची, बरं का!), जहाजं मोडायची जागा. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी कायमची सुटली. मग ते दारूखान्यात एका भंगाराच्या वखारीत वजनं लिहायला लागले. लोक हळहळले, "चांगला साचेवाला भंगारात गेला." पण बाबांची शाळा सुटली नाही.

आपल्याकडे म्हणतात, वारा पाहून पाठ द्यावी. टॅक त्याच्या नेमका उलट. तोंड भलतीकडे दिसतं, पण जायचं असतं वाऱ्याच्याच दिशेला. पाठ देणारा आणि टॅक बदलणारा लांबून सारखेच दिसतात. फरक कळतो तो बंदर ठाऊक असलं तरच.

म्हणून सोमवारी साहेबांना एकच विचारणार आहे: बंदर तेच आहे ना? असेल तर १.४ पट अंतर मंजूर. नसेल तर मात्र बोलावं लागेल.

असो. मिनिट्समधला तो जादा 'ट' आजच काढून टाकलाय.