बी.ए. नंतरचा प्रश्न

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे होते. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे चौघे पहिले बी.ए. झाले. एवढ्या पदवीवर त्या काळी सरकारी नोकरी मिळे. पुढे एम.ए. करायचे की नाही, याचा निर्णय बुद्धीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर अडे: तोवर घर कोणी चालवायचे?

पुण्यात या प्रश्नाला एक जुना आधार होता. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात तो पैसा हळूहळू शिक्षणाकडे वळला आणि पुढे त्यातूनच दक्षिणा फेलोशिप निघाली. फेलोने कॉलेजात शिकवायचे, मानधन घ्यायचे आणि आपल्या परीक्षेची तयारी करायची. भांडारकर, रानडे आणि आगरकर हे तिघेही दक्षिणा फेलो होते. निवड तेव्हा परीक्षेवर होत असली, तरी परीक्षेपर्यंत पोहोचणारे बहुतेक पूर्वी दक्षिणा घेणाऱ्या जातींतलेच होते, हे विसरता येत नाही.

आगरकरांचे दारिद्र्य प्रसिद्ध आहे. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, असे सांगतात. एम.ए. झाल्यावर मुलगा मोठ्या पगारावर लागेल, ही घरची आशा स्वाभाविक होती. त्यांनी आईला पत्राने कळवले की आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकसेवा करणार. त्याप्रमाणे ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून दाखल झाले.

ज्यांच्यामागे दक्षिणेची परंपरा नव्हती, त्यांची वाट फार बिकट होती. आंबेडकर १९१२ साली बी.ए. झाले. पुढच्या फेब्रुवारीत वडील वारले. अशा वेळी कुटुंबाला आधार द्यायचा सोडून परदेशी जाणे सोपे नव्हते. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. मोबदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१५ साली कोलंबियातून एम.ए. झाले. त्यानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास मात्र अर्धवट राहिला: शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली, पण कचेरीत शिपाई अस्पृश्य म्हणून लांबूनच कागद टाकत. राहायला जागाही मिळेना, आणि ती नोकरी सुटली. पुढे शिकायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी पाठीशी संस्थान नव्हते. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळाली.

मुलींपुढे पैशाआधी दरवाजाच बंद असे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबईच्या बी.एस्सी. झाल्या, तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मगच नियमित विद्यार्थी मानू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून संस्थेने इतर मुलींनाही घ्यायला सुरुवात केली. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.